पुढच्या सीटवर कोण बसले आहे? प्रवासी सीटच्या सेन्सरची आणि त्याच्या बिघाडाची पार्श्वभूमी

'सीट सेन्सर गेला' एवढे सांगितले की गोव्यातल्या कोणत्याही गॅरेजमध्ये मेस्त्रीला सारे समजते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात. पहिली वस्तू चालकाशेजारच्या सीटवर कोणी बसले आहे की नाही, एवढेच पाहते आणि बसलेल्याने पट्टा लावला नसेल तर बझर वाजवते. दुसरी वस्तू बसलेली व्यक्ती प्रौढ आहे की मूल, याचा अंदाज घेते आणि समोरची एअरबॅग उघडू द्यायची की नाही, हे त्या अंदाजावर ठरते. पहिली बिघडली तर कटकट होते. दुसरी बिघडली तर जीव जाऊ शकतो. दोन्हींची तपासणी वेगळी, दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि दुरुस्तीनंतरची जबाबदारीही वेगळी. हा फरक कसा पडला हे कळण्यासाठी अमेरिकेतल्या एका फसलेल्या नियमापर्यंत मागे जावे लागते.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील गाड्यांत पट्टे होते, पण लावणारे फार थोडे होते. म्हणून १९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांसाठी असा नियम आला की पुढच्या सीटवर बसलेल्यांनी पट्टा लावल्याशिवाय स्टार्टरच फिरू नये. त्यासाठी सीटखाली वजनाने दाबला जाणारा स्विच बसवावा लागला, आणि मोठ्या प्रमाणावर वापरात आलेल्या सुरुवातीच्या सीट सेन्सरांपैकी हा एक. त्याला माणूस आणि वाणसामानाची पिशवी यांतला फरक कळत नव्हता. पिशवी किंवा कुत्रा शेजारी ठेवला की गाडी सुरू होईना, आणि लोक इतके संतापले की ऑक्टोबर १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ही सक्ती रद्द केली. एवढेच नव्हे, तर सक्तीने वाजणारा बझरही आठ सेकंदांपुरता मर्यादित केला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नारळांची पिशवी पुढच्या सीटवर ठेवून निघालेल्या माणसाला, किंवा चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे, सामान घरी नेणाऱ्याला आज जो बझर ऐकावा लागतो, तो याच जुन्या अडचणीचा वारस आहे. नारळांमुळे बझर वाजला तर तो बिघाड नव्हे, हे आधी मान्य करावे लागते. त्या सेन्सरला विचारलेला प्रश्नच तेवढा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास एअरबॅगशी जोडलेला आहे. जॉन हेट्रिक या अमेरिकी अभियंत्याला १९५३ साली फुगणाऱ्या उशीचे पेटंट मिळाले, त्याच सुमारास जर्मनीत वाल्टर लिंडरर यांनाही तसेच पेटंट मिळाले, पण धडक ओळखणारे विश्वासार्ह साधन नसल्याने कल्पना कागदावर राहिली. १९७३ मध्ये ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या गाडीत प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग ग्राहकांपर्यंत पोहोचली, १९८० च्या सुमारास मर्सिडीजने आपल्या एस-क्लासमध्ये चालकासाठी एअरबॅग आणली, आणि १९९१ च्या अमेरिकी कायद्याने १९९८ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या कारमध्ये पुढच्या दोन्ही जागांसाठी एअरबॅग सक्तीची केली.

सक्ती पूर्ण होण्याआधीच तिची दुसरी बाजू समोर आली. ही उशी डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि त्या काळच्या उशा पट्टा न लावलेल्या प्रौढ पुरुषालाही अडवता यावे इतक्या जोराने उघडत असत. मागे तोंड करून लावलेल्या बेबी सीटमधल्या तान्ह्या मुलाचे डोके डॅशबोर्डापासून काही इंचांवर असते; तिथे तो धक्का थेट बसे. एरवी खरचटण्यावर निभावले असते अशा कमी वेगाच्या टकरींत मुले दगावली. १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगमुळे २९० हून अधिक मृत्यू झाल्याची अमेरिकेत नोंद आहे, आणि त्यांत प्रवाशाच्या बाजूला मेलेल्यांमध्ये बहुसंख्य मुले होती. जीव वाचवण्यासाठी बसवलेल्या वस्तूने मुलाचा जीव घ्यावा, यापेक्षा अधिक क्लेशकारक अपयश अभियांत्रिकीत शोधूनही सापडणार नाही. १९९७ मध्ये एअरबॅगचा जोर कमी करण्याची मुभा देण्यात आली, पुढच्या वर्षापासून काही मालकांना किल्लीने बंद होणारा स्विच बसवून घेता येऊ लागला; पण स्विच माणसाच्या आठवणीवर अवलंबून असतो. मे २००० मध्ये अंतिम नियम आला आणि सप्टेंबर २००३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. पुढच्या सीटवर लहान मूल असेल तर गाडीने एअरबॅग स्वतःहून बंद ठेवावी किंवा ती अगदी सौम्यपणे उघडावी, आणि बंद ठेवली असेल तर तसे सांगणारा दिवा लावावा, अशी अपेक्षा त्यात होती. चाचणीसाठी एक वर्षाच्या, तीन वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या मुलांचे पुतळे आणि सुमारे ४९ किलो वजनाच्या ठेंगण्या स्त्रीचा पुतळा ठरवण्यात आला.

सहा वर्षांचे मूल आणि ठेंगणी स्त्री यांच्यातली रेषा ओढणे वाटते तेवढे सोपे नाही. बसलेल्या माणसाचे सगळे वजन सीटवर येत नाही, कारण पाय जमिनीवर टेकलेले असतात. पुढे वाकले, दाराला रेलले, तरी आकडा बदलतो. उलट बेबी सीट पट्ट्याने घट्ट आवळली की ती सीटवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त दाब देते, आणि सेन्सरला तेथे प्रौढ माणूस बसल्यासारखा वाटतो. म्हणून काही गाड्यांत पट्ट्याचा ताण मोजणारा आणखी एक सेन्सर जोडावा लागला. तपासणी करताना हा दुसरा सेन्सर विसरला जातो आणि निष्कारण अख्खी गादी बदलली जाते.

या प्रश्नाला कंपन्यांनी चार तऱ्हांनी उत्तर दिले. एका तऱ्हेत गादीच्या फोमवर पातळ प्लास्टिकची चटई असते. तिच्या दोन थरांमध्ये वाहक शाईचे ठिपके छापलेले असतात आणि दाब पडला की त्यांचा रोध बदलतो. दुसऱ्या तऱ्हेत फोमखाली द्रवाने भरलेली पिशवी आणि तिच्या नळीवर दाब मोजणारा सेन्सर असतो. तिसऱ्या तऱ्हेत सीटच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांवर ताण मोजणारे घटक असतात, म्हणजे सीट हाच एक तराजू होतो. चौथ्या तऱ्हेत शरीरातील पाण्यामुळे विद्युत क्षेत्रात होणारा बदल ओळखला जातो. बिघाडाचे स्वरूप यांतूनच ठरते. चटई वर्षानुवर्षे वाकून तिच्यातली एखादी विजेची वाट तुटते, पिशवी गळते, तराजूचे शून्य सरकते, आणि विद्युत क्षेत्रावर चालणारी रचना ओल्या गादीने फसते. चटईला गादी सुकवून काही उपयोग नाही, आणि सीटखाली अडकलेली छत्री काढल्याने पिशवीची गळती थांबत नाही. पण तराजूच्या रचनेत तीच छत्री चौकटीला खालून उचलून धरते आणि सगळा हिशेब चुकवते. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे दुरुस्ती-पुस्तिकेत पाहिल्याशिवाय केलेले निदान म्हणजे अंदाजच.

कारखान्यातून निघालेल्या नव्या गाड्यांतही हे काम चुकले आहे. निसानने २०१६ मध्ये एकट्या अमेरिकेत ३० लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या, कारण सीटवरील प्रौढ व्यक्तीला मूल समजून किंवा सीट रिकामी समजून एअरबॅग बंद राहण्याची शक्यता होती. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाने सेन्सरमधील शॉर्ट सर्किटच्या शक्यतेमुळे तेथील सुमारे १० लाख गाड्या बोलावल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये होंडाने सुमारे ७.५ लाख गाड्या बोलावल्या, आणि तेथे भीती उलटी होती: मूल बसलेले असतानाही एअरबॅग उघडेल. बिघाड दोन्ही दिशांना जाऊ शकतो, म्हणून 'बिघाडाचा दिवा लागला आहे, पण एअरबॅग तर आहेच ना' हा दिलासा पोकळ ठरतो.

भारतात हा सारा प्रवास उशिरा आणि वेगळ्या क्रमाने झाला. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या काही छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले आणि एअरबॅग नसलेल्या गाड्यांना सुरक्षेचा एकही तारा मिळाला नाही, तेव्हा हा विषय घराघरांत पोहोचला. १ जुलै २०१९ पासून एआयएस १४५ या मानकानुसार चालकाची एअरबॅग, वेगाची सूचना, मागचा पार्किंग सेन्सर आणि पुढच्या दोन्ही सीटांसाठी पट्ट्याची आठवण करून देणारी यंत्रणा सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेलांना एप्रिल २०२१ पासून लागू झाली आणि चालू मॉडेलांना त्याच वर्षअखेरची मुदत मिळाली. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे सीटमधला सेन्सर आला तो बझरसाठी, एअरबॅगसाठी नव्हे. त्यामुळे गोव्याच्या रस्त्यांवरील सर्वसाधारण गाड्यांत बहुधा पहिल्या प्रकारची साधी चटई असते, आणि एअरबॅग बंद करायची झाल्यास काही गाड्यांत डॅशबोर्डाच्या कडेला किल्लीचा स्विच दिलेला असतो. वजन ओळखून एअरबॅग आपोआप बंद करणारी रचना मुख्यतः महागड्या आणि आयात गाड्यांत भेटते. अमेरिकी गाड्यांसाठी केलेले मार्गदर्शन वाचून आपल्या हॅचबॅकची गादी उसवणारे लोक मी पाहिले आहेत. ज्या भागाचा ते शोध घेत असतात, तो त्या गाडीत नसतोच.

बझर आला तशी त्याला गप्प करणारी, पट्ट्याऐवजी बकलमध्ये (पट्टा अडकवायच्या खाचेत) खुपसायची क्लिपही बाजारात आली. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाल्यावर पट्ट्याची देशभर चर्चा झाली, आणि मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री-मंचांना या क्लिपा काढून टाकण्याचे आदेश दिले. १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. निदानाच्या दृष्टीनेही ही क्लिप घातक आहे. ती बकलमध्ये असेपर्यंत चटई खराब झाली तरी मालकाला पत्ता लागत नाही, आणि वर्षभर स्वस्त क्लिप घुसवून ठेवल्याने बकलमधला छोटा स्विच सैल होतो. मग क्लिप काढल्यावर वाजणाऱ्या बझरचा दोष सीटवर येतो, वास्तविक तो बकलचा असतो.

गोव्यात याला हवामानाची जोड मिळते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, समुद्रावरून येणारी खारी हवा आणि जून ते सप्टेंबर न सुकणारे कार्पेट यांमुळे सीटखालच्या, वायरी जोडणाऱ्या कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. हा कपलर नेमका जमिनीलगत असतो, जिथे ओल्या चपलांचे पाणी साचते. सीट पुढे-मागे सरकवताना तिथल्या वायरला ताण बसतो, आणि पर्यटकांना भाड्याने दिलेल्या गाड्यांत हे दिवसातून कितीदा तरी घडते. कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावरून आलेल्या गाडीच्या बकलमध्ये वाळू सापडणे नवलाचे नाही. मासळीची पिशवी सीटवर कलंडली तर खारे पाणी फोममध्ये मुरते आणि महिनोन् महिने आपले काम करीत राहते. याशिवाय नव्या गाडीला लगेच बसवली जाणारी लेदरेटची कव्हरे आहेत: ती ताणून बसवताना मारलेल्या तारेच्या कड्या चटईला टोचतात, आणि दोष मात्र कव्हर बसवल्यानंतर काही महिन्यांनी दिसतो.

म्हणून शोध बकलपासून सुरू करावा, नंतर कपलर पाहावा आणि गादीला सर्वांत शेवटी हात लावावा. सीट रिकामी असताना बझर वाजतो का, आणि माणूस पट्टा न लावता बसूनही तो गप्प राहतो का, हे आधी वेगवेगळे नोंदवावे. पहिल्या स्थितीत कपलरमधील ओल, कव्हराचा दाब किंवा चटईतील शॉर्ट सर्किट संभवते. दुसऱ्या स्थितीत तुटलेली वाट किंवा बकलमध्ये अडकलेला स्विच. सीट सरकवताना दिवा लागतो-विझतो असे दिसले, तर वायरिंगच्या पलीकडे जाण्याची घाई करू नये. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त स्कॅनरवर 'दोष नाही' असे आले तरी त्यावर विसंबू नये. या स्कॅनरांचे मूळ धुराच्या प्रदूषणावर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या व्यवस्थेत आहे. ते इंजिनाचे दोष वाचतात, एअरबॅगच्या संगणकात ते बहुधा शिरतच नाहीत. एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर वेगळा असतो.

एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांच्या वायरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून पुस्तिकेत सांगितलेली मिनिटे थांबावे, कारण धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून संगणकात काही काळ वीज साठवलेली असते. मीटर एअरबॅगच्या स्फोटक भागाच्या वायरींना कधीही लावू नये. चटईच्या जागी ठरावीक रोध जोडून दिवा विझवण्याची युक्ती अनेक ठिकाणी सांगितली जाते. ती केली की संगणकाला सीटवर कायम एकच अवस्था दिसते, आणि ज्या गाडीत त्या सेन्सरवर एअरबॅग अवलंबून आहे, तिथे पुढच्या सीटवर मूल बसले तरी गाडी त्याला ओळखू शकत नाही. हे काम करून देण्यास नकार देणारा मेस्त्री आपले गिऱ्हाईक गमावतो, पण तोच बरोबर असतो.

तराजूच्या रचनेत दुरुस्ती सुटे भाग बसवून संपत नाही. सीट काढून परत बसवली तरी शून्य पुन्हा ठरवावे लागते, बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळावे लागतात, आणि टोयोटाच्या पुस्तिकांत तर त्यानंतर ३० किलोचे वजन सीटवर ठेवून स्कॅनरवर २७ ते ३३ किलोच्या दरम्यान आकडा येतो का, हे पाहायला सांगितले आहे. गाडी ताब्यात घेताना हा आकडा आपल्यासमोर दाखवायला सांगणे प्रत्येक मालकाला शक्य आहे.