कैद्याचा दिवाणी दावा (सातारा व सांगली जिल्हे)

तुरुंगात असलेल्या व्यक्तीने जमीन, वाटप, येणे रक्कम, भाडे किंवा विवाह अशा कारणासाठी दिवाणी न्यायालयात लावलेला दावा. दावा लावणारा कच्चा कैदी (खटला अजून चालू असलेला) असो वा शिक्षा भोगणारा बंदी, सातबारावरचे त्याचे नाव आणि न्यायालयात जाण्याचा त्याचा हक्क तुरुंगाच्या दारात गळून पडत नाही. वारसाहक्काला मात्र एक मोठा अपवाद आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २५ प्रमाणे खून करणाऱ्याला मृताची मालमत्ता वारसाने मिळत नाही. भावकीतल्या खुनाच्या प्रकरणांत वाटपाचा दावा पुष्कळदा याच कलमावर अडतो.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ कैद्याला प्रतिवादी म्हणून ओळखते (आदेश ५, नियम २४ : समन्स तुरुंगाधिकाऱ्यामार्फत बजावायचे) आणि साक्षीदार म्हणूनही ओळखते (आदेश १६-अ). वादी म्हणून त्याच्यासाठी वेगळे प्रकरण मात्र नाही. फौजदारी अपील तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती दिले की भागते; दिवाणी दाव्याला ती सोय नाही, तो न्यायालयातच दाखल व्हावा लागतो. अमेरिकेत याउलट १९९६ चा खास कायदा आहे. तिथल्या कैद्याला तुरुंगातल्या परिस्थितीबद्दल संघीय न्यायालयात दाद मागण्याआधी तुरुंगातली तक्रारप्रक्रिया पूर्ण करावी लागते आणि गरीब असला तरी फी हप्त्यांनी भरावी लागते. भारतात असा अडसर नाही, पण वाटही आखून दिलेली नाही. कैद्याचे नियम चार-पाच कायद्यांतून वेचून काढावे लागतात.

सर्वांत जास्त नुकसान मुदतीने होते. मुदत अधिनियम, १९६३ चे कलम ६ अज्ञान आणि मनोविकल व्यक्तींसाठी मुदत थांबवते. कैद त्यात नाही. विलंब माफ करणारे कलम ५ अपील आणि अर्जांना लागू आहे, मूळ दाव्याला नाही. तासगावच्या एखाद्या बागायतदाराने व्यापाऱ्याला उधारीवर द्राक्षे दिली आणि नंतर तो चार वर्षे आत राहिला, तर पैशाच्या दाव्याची तीन वर्षे तो आत असतानाच संपतात. तोवर व्यापाऱ्याने येणे लेखी सही करून कबूल केले असेल, तरच कलम १८ खाली मुदत नव्याने धरता येते. शेतावर दुसऱ्याने स्वतःच्या हक्काने उघडपणे वहिवाट केली तर ताबा परत मागण्याच्या बारा वर्षांच्या मुदतीचा हिशेबही असाच चालू राहतो. कैदेशी थेट जोडलेल्या दोन दाव्यांची मुदत मात्र उशिरा सुरू होते, आणि ती एकेक वर्षाचीच आहे : बेकायदा कैदेच्या भरपाईसाठी सुटकेपासून, द्वेषमूलक (आकसाने लावलेल्या) खटल्याच्या भरपाईसाठी निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला संपल्यापासून. सुटून आलेला माणूस सहसा आधी घर सावरतो, आणि ते वर्ष निघून जाते.

दावा कुठे लावायचा हे कैदी कुठे आहे यावर ठरत नाही. स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जिथे तिथेच, म्हणजे वाई, कराड, फलटण, विटा, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) अशा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात किंवा रकमेप्रमाणे वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशाकडे जातो. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा कारागृहांत मुख्यतः कच्चे कैदी असतात. लांब शिक्षेचे बंदी कोल्हापूरच्या कळंब्याला किंवा येरवड्याला जातात, त्यामुळे वादी एका जिल्ह्यात आणि त्याची जमीन दुसऱ्यात असा प्रकार नेहमीचा आहे.

वकीलपत्र आणि दावा या दोन्हींवर कैद्याची सही किंवा अंगठा लागतो. वकील कागद घेऊन तुरुंगात जातो आणि सही तुरुंगाधिकाऱ्यासमक्ष होऊन शिक्का पडतो. प्रतिज्ञापत्राला तेवढा शिक्का पुरत नाही. शपथ कोणी द्यावी हे संहितेच्या कलम १३९ मध्ये सांगितले आहे : न्यायालय, दंडाधिकारी, नोटरी किंवा त्यासाठी नेमलेला अधिकारी. पत्नीला किंवा भावाला कुलमुखत्यारपत्र देणे सोयीचे असते. ते नोंदवायचे तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे कैद्याला निबंधक कार्यालयात यावे लागत नाही; निबंधक तुरुंगात येऊन खात्री करू शकतो. मात्र कुलमुखत्यार वादीच्या वतीने कागद चालवू शकला, तरी फक्त वादीलाच ठाऊक असलेल्या गोष्टींची साक्ष देऊ शकत नाही. जानकी वासदेव भोजवानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.

कोर्ट फी परवडत नसेल तर संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन म्हणून अर्ज करता येतो, पण तो अर्जदाराने स्वतः हजर होऊन द्यायचा असतो. हजेरीतून सूट मिळालेल्याचाच प्रतिनिधी तो देऊ शकतो, आणि तोही सगळ्या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणारा हवा. बंदिस्त माणसाला हा नियम उलटाच पडतो. त्याहून सरळ वाट विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये आहे. कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवेचा हक्क आहे, आणि हा हक्क फौजदारी खटल्यापुरता नाही. प्रत्यक्षात जिल्हा प्राधिकरणाचे वकील तुरुंगात जातात ते बहुधा जामिनासाठी; दिवाणी कामासाठी कैद्याला आपणहून अर्ज करावा लागतो.

प्रतिवादी सरकार असेल, किंवा तुरुंग अधीक्षकाने पदाच्या नात्याने केलेल्या कृतीबद्दल दावा असेल, तर संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. तातडीचा दिलासा हवा असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावता येतो.

साक्षीसाठी कैद्याला आणण्याचा हुकूम न्यायालय आदेश १६-अ खाली देऊ शकते, पण तुरुंग पंचवीस किलोमीटरहून लांब असेल तर कमिशनवर (न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीने तुरुंगात जाऊन घेतलेली) साक्ष पुरेशी होणार नाही अशी खात्री झाल्यावरच. सातारच्या कैद्याला सातारच्या न्यायालयात आणणे त्यामुळे शक्य असते. कळंब्याहून सांगलीला, पन्नासेक किलोमीटर, आणण्याला हा नियम आडवा येतो. नेण्याआणण्याचा आणि पहाऱ्याचा खर्च न्यायालय साक्ष मागणाऱ्या पक्षकाराला आधी भरायला सांगू शकते. वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रकृतीचे कारण दिले किंवा कैदी दुसऱ्या प्रकरणात रिमांडवर असला तर तुरुंगाधिकारी हुकूम अमलात आणत नाही, कारण लेखी कळवतो.

निकालाविरुद्धचे अपील जिल्हा न्यायालयात तीस दिवसांत, उच्च न्यायालयात नव्वद दिवसांत करावे लागते. नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळले जातात. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगलीची उच्च न्यायालयातली कामे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. अपिलाला मुदत अधिनियमाचे कलम ५ लागू असल्याने कैद हे उशिराचे कारण म्हणून मांडता येते. मात्र अर्ज कधी लिहिला, तुरुंग कार्यालयात कधी दिला आणि पुढे कधी गेला या तारखा दाखवाव्या लागतात. म्हणून अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक घेऊन ठेवणे महत्त्वाचे ठरते.