कोशिकामृत्यू

रोगात इजा होऊन कोशिका (पेशी) निकामी होण्याची प्रक्रिया. रक्तपुरवठा तुटला की ऑक्सिजनअभावी एटीपी (कोशिकेला ऊर्जा पुरवणारे संयुग) घटते, सोडियम बाहेर टाकणारा पंप मंदावतो आणि पाणी शिरून कोशिका फुगते. कारण वेळीच दूर झाले तर ती सावरते. कोशिकापटल व तंतुकणिका (ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया) कायमच्या बिघडल्या की केंद्रक आक्रसते, तुकडे होऊन विरते. मेंदूच्या कोशिका काही मिनिटांत, हृदयस्नायूच्या साधारण २० ते ४० मिनिटांत या टप्प्याला पोहोचतात.

ऊतकमृत्यूत (नेक्रोसिस) कोशिका फुटून भोवती दाह होतो. ॲपॉप्टोसिसमध्ये (कोशिकेने स्वतःच घडवलेला नियंत्रित मृत्यू) ती आक्रसून शेजारच्या कोशिकांकडून निमूट गिळली जाते. ‘ॲपॉप्टोसिस’ (ग्रीक : पानगळ) ही संज्ञा केर, वायली व करी या विकृतिवैज्ञानिकांनी १९७२ मध्ये रूढ केली; शब्द सुचविल्याचे श्रेय त्यांनी ॲबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक कॉर्मॅक यांना दिले. निरीक्षण मात्र जुने आहे. बहुधा निसर्गवैज्ञानिक फोक्टच्या १८४२ मधील भेकावरील कामाकडे बोट दाखवले जाते; पण ते फिरखोच्या कोशिकाविकृतिविज्ञानापूर्वीचे (रोगाचे मूळ कोशिकांत शोधणारे शास्त्र) असून त्यात आजची कल्पना वाचणे थोडे ओढूनताणून वाटते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंगने १८८५ च्या सुमारास अंडाशयातील विघटणाऱ्या केंद्रकांची काढलेली चित्रे अधिक खात्रीची ठरतात. केर यांनीही आधी ‘आक्रसणारा ऊतकमृत्यू’ असेच म्हटले होते.

कोकणात ऊतकमृत्यूचे ठळक उदाहरण म्हणजे फुरशाचा दंश. कातळसड्यावर, जांभ्याच्या गडग्यात दडणारे हा हातभर लांबीचा विषारी साप गवत कापताना चावतो. बोट सुजते, फोड येतात, कातडी काळवंडते. विषातील जस्तयुक्त एंझाइमे केशवाहिन्यांचे आधारपटल (कोशिकांना खालून आधार देणारा पातळ थर) तोडतात. रक्त ऊतकात झिरपते आणि पोषणाअभावी स्नायू मरतो. वर दोरी आवळल्यास विष तेथेच साचून हानी वाढते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांवरचे प्रतिविष रक्त गोठण्यातील बिघाड सुधारते. मेलेले मांस मात्र परत येत नाही, ते कापून काढावे लागते.

लाल विंचवाच्या दंशात कॅटेकोलअमाइनांच्या (ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके) लोंढ्याने हृदयस्नायूला इजा होते. त्यावर प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा वापर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला.

भातलावणीच्या चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगात वृक्कनलिकांच्या (मूत्रपिंडातील सूक्ष्म नळ्या) कोशिका मरतात. मात्र तेथील आधारपटल शाबूत राहिल्यास उरलेल्या कोशिका विभागून नलिका पुन्हा अस्तरतात. त्यामुळे लघवी थांबलेला रुग्णही डायलिसिसच्या आधाराने बहुतेक वेळा बरा होतो. फुरशाच्या जखमेत मात्र आधारपटलच तुटलेले असल्याने व्रणच राहतो.