टर्की गिधाडाचे नाक : लांबलेल्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिका खंडांत आढळणारे टर्की गिधाड (टर्की व्हल्चर) मेलेले जनावर वासाने शोधते, याबद्दल आज फारसे दुमत नाही. पण हे मान्य व्हायला जवळपास दीडशे वर्षे गेली, आणि त्या विलंबाला १८२६ मधला एक निबंध बराचसा जबाबदार आहे.

अमेरिकेतल्या एका नामवंत पक्षिचित्रकाराचा तो निबंध एडिनबरामध्ये वाचला गेला. त्याने हरणाचे कातडे पेंढा भरून माळावर ठेवले. गिधाड उतरले, मातीच्या डोळ्यांवर चोच मारली आणि हाती काही न लागता उडून गेले. नंतर सडलेले डुक्कर ओघळीत झाकून ठेवले. दुर्गंधी दूरवर पसरली, कुत्री तिथवर पोहोचली, पण गिधाडे वरून घिरट्या घालून निघून गेली. निष्कर्ष निघाला, की या पक्ष्याला फक्त नजर आहे. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्ये चिरलेल्या मेंढीचे रंगीत चित्र जमिनीवर पसरले गेले. गिधाडांनी चित्रालाच टोचले. जवळच झाकलेली आतडी त्यांच्या गावीही नव्हती.

या प्रयोगांत दोन गफलती होत्या. मांस फार कुजलेले होते, आणि टर्की गिधाडाला ताजे मांसच जास्त आवडते. शिवाय त्या भागात काळी गिधाडेही भरपूर. ती प्रामुख्याने नजरेवर जगतात, त्यामुळे प्रयोगातले पक्षी नेमके कोणते, ही शंका आजही घेतली जाते. इतक्या कच्च्या पायावरचे मत पाठ्यपुस्तकांत इतकी वर्षे टिकावे, हे खटकते. मतभेद नोंदवणारे तेव्हाही होते, पण त्या चित्रकाराच्या नावापुढे त्यांचे फारसे चालले नाही.

वादाला खरी कलाटणी मिळाली ती तेल-वायूच्या धंद्यातून. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या वायुवाहिनीवरच्या कर्मचाऱ्यांना एक युक्ती ठाऊक होती. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळायचे आणि गिधाडे कुठे घिरट्या घालतात ते पाहायचे. गळती तिथेच सापडे. आपल्या घरच्या सिलिंडरला येणारा उग्र वास याच द्रव्याचा, आणि कुजू लागलेल्या मांसातूनही ते बाहेर पडते. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर अभ्यासाने या निरीक्षणाला मैदानी प्रयोगांची जोड दिली. १९८६ मध्ये पनामाच्या जंगलात पालापाचोळ्याखाली लपवलेल्या ७४ कोंबड्यांपैकी ७१ टर्की गिधाडांनी तीन दिवसांत शोधल्या. चार दिवसांच्या शिळ्या कोंबडीपेक्षा एका दिवसाची त्यांना पसंत पडली. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने प्रयोगशाळेतली मोजमापे मांडून, उंचावरून इतका विरळ वास लागणे कठीण आहे, असा आक्षेप घेतला. तो आक्षेप गंभीर होता. मात्र हे पक्षी झाडांच्या शेंड्यांलगत, कमी उंचीवरूनच फिरतात. २०१७ च्या एका शोधनिबंधात तर त्यांच्या मेंदूतला वास घेणारा भाग काळ्या गिधाडापेक्षा चौपट मोठा असल्याचे दिसले.

हा पक्षी दाट जंगलातही कसा राहू शकतो, हे कोडे इथे सुटते. आपल्याकडची पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडे वेगळ्या कुळातली. ती नजरेने शोधतात, त्यांना मोकळे आकाश आणि उघडा माळ लागतो. टर्की गिधाड मात्र दाट छत्राखालचे भक्ष्यही हेरते, म्हणून उष्ण कटिबंधातल्या घनदाट जंगलातही त्याचे भागते. काळे गिधाड आणि तिकडचे राजगिधाड (किंग व्हल्चर) बऱ्याचदा त्याच्याच मागावर उतरतात. टर्की गिधाड घरटे बांधत नाही. कपारीत, पोकळ ओंडक्यात किंवा ओसाड कोठारात बहुधा दोन अंडी घालते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, डुकरांचे रोग आणि काळपुळी पसरवतात या समजुतीने टेक्सासमध्ये गिधाडे सापळे लावून मारली गेली. स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणासाठीच्या अमेरिका-मेक्सिको करारात १९७२ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा त्यांना संघराज्य पातळीवर संरक्षण मिळाले. त्याच शतकात टर्की गिधाडांचा विस्तार उत्तरेकडे, अमेरिकेच्या ईशान्येतल्या न्यू इंग्लंडपर्यंत गेला. त्याचे श्रेय वाढलेली हरणे, रस्त्यांवर वाहनांखाली मरणारी जनावरे आणि सौम्य होत चाललेले हिवाळे यांना दिले जाते.