‘पेनिसिलिन नको’ : फाइलवरच्या लाल शेऱ्याची पार्श्वभूमी

ठाण्यात काय किंवा वाशी-नेरूळला काय, रुग्णालयात भरती होताना सिस्टर विचारतात, “कसली ॲलर्जी?” उत्तर येतं, “पेनिसिलिनची. लहानपणी डॉक्टरांनी सांगितलंय.” केस पेपरवर लाल शाईने शेरा पडतो. नेमकं काय झालं होतं, गोळी कुठली होती, पुरळ किती वेळाने उठलं, हे सहसा कोणी विचारत नाही. अमेरिकेत सुमारे १० टक्के लोकांच्या नोंदीत ही ॲलर्जी आढळते. रीतसर तपासलं की त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना औषध व्यवस्थित सोसतं.

मग एवढे शेरे आले कुठून?

भीती खोटी नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन सर्रास वापरात आलं आणि दशक संपायच्या आतच त्याच्या इंजेक्शनने मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. १९६८ मधल्या एका आढाव्यात असे मृत्यू दर लाख रुग्णांमागे दीड ते दोन असावेत असा अंदाज होता. आकडा छोटा आहे. पण एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरसमोर एखादा पेशंट सुईनंतर कोसळला, तर तो डॉक्टर आयुष्यात पुन्हा ती कुपी फोडत नाही. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागलं, ते गावोगाव पोचलं, आणि त्याच्याबरोबर ही धास्तीही पोचली.

धास्तीतून आली ‘टेस्ट डोस’ची पद्धत. हाताच्या कातडीत थोडं औषध टोचायचं, पेशंटला बाकड्यावर बसवायचं, गाठ आली का बघायचं. पेनिसिलिनची त्वचाचाचणी हे खरं शास्त्र आहे. त्यासाठी ठरलेले घटक, ठरलेलं प्रमाण आणि शेजारी तुलनेसाठी नुसत्या सलाइनचा टोचा लागतो. आपल्याकडे मात्र बाटलीतलंच औषध अंदाजाने पातळ करून टोचतात, आणि पेनिसिलिनच नव्हे, तर सेफ्ट्रिॲक्झोनसारखी इंजेक्शनंही याच चाळणीतून जातात. तीव्र औषधाने कातडी नुसती चुरचुरली तरी लाल गाठ येते. तिचा ॲलर्जीशी संबंध असेलच असं नाही, पण शेरा लागतो तो कायमचा. माझ्या मते आपल्याकडच्या चुकीच्या शेऱ्यांचा हा सर्वांत दुर्लक्षित उगम आहे.

दुसरा उगम बालपणातला. तापलेल्या मुलाला पेनिसिलिनच्याच कुटुंबातलं अमॉक्सिसिलिन दिलं, चौथ्या दिवशी अंगावर पुरळ. पुष्कळदा ते विषाणूचंच असतं. विषाणूमुळे मानेतल्या गाठी सुजतात, त्या ग्रंथींच्या तापात तर अमॉक्सिसिलिन दिल्यावर ते बऱ्याचदा उठतं. मळमळ, जुलाब, चक्कर यांचीही गणना ‘रिॲक्शन’मध्ये होते. ठाण्यात ग्लॅक्सोचा आणि तुर्भ्याला फायझरचा कारखाना होता, औषधकंपन्यांत नोकरी केलेली माणसं इथे घरोघरी सापडतील; तरी आपल्याला नक्की कुठली गोळी बाधली, हे सांगता न येणारेही तेवढेच.

शिवाय खरी ॲलर्जीसुद्धा ओसरते. तात्काळ येणाऱ्या प्रकारात दहा वर्षांनी सुमारे ८० टक्के लोकांची संवेदनशीलता गेलेली असते. शेरा मात्र तसाच राहतो.

त्यात सेफॅलोस्पोरिनचा, म्हणजे सेफ्ट्रिॲक्झोनसारख्या पेनिसिलिनच्या नात्यातल्या औषधांचा, गोंधळ. पेनिसिलिन चालत नाही त्यांच्यापैकी १० टक्क्यांना सेफॅलोस्पोरिनही चालणार नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. सुरुवातीच्या सेफॅलोस्पोरिनमध्ये पेनिसिलिनचे अंश मिसळलेले असत, त्यामुळे तो आकडा फुगला होता. आज तो २ टक्क्यांच्या आसपास धरतात. जुना आकडा अजून कानावर येतोच.

याची किंमत काय? कॅलिफोर्नियातल्या ५० हजारांहून अधिक भरती रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेरा असलेल्यांना शेरा नसलेल्यांपेक्षा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा जुलाब २३ टक्के, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा एमआरएसए जंतू १४ टक्के आणि व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा एन्टरोकॉकस जंतू ३० टक्के अधिक प्रमाणात आढळला. साधं, नेमकं औषध बाद झालं की लिव्होफ्लॉक्सॅसिन, क्लिंडामायसिन, व्हॅन्कोमायसिन हातात येतात. ती महाग, कधी कमी परिणामकारक, आणि जंतूंना प्रतिकार शिकवणारी. शस्त्रक्रियेआधी द्यायचं सेफॅझोलिन (तेही सेफॅलोस्पोरिनच) टाळलं की जखम चिघळण्याचा धोका वाढतो. गरोदरपणातल्या सिफिलिसला तर पेनिसिलिनशिवाय खात्रीचा पर्यायच नाही. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी तेच इंजेक्शन लागतं. तिथे खोटा शेरा फार महागात पडतो.

अलीकडे वारं बदललं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅलेस चाचणीत कमी धोक्याच्या ३७७ रुग्णांपैकी निम्म्यांना त्वचाचाचणी न करता, देखरेखीखाली थेट तोंडाने पेनिसिलिन दिलं गेलं; उरलेल्यांची आधी त्वचाचाचणी झाली. दोन्ही गटांत रिॲक्शन आली फक्त एकेकाला. अर्थात हे घरी करून बघायचं काम नव्हे. श्वास अडकला होता, ओठ-घसा सुजला होता, त्यांची तपासणी तज्ज्ञाकडेच. आणि तोंडात फोड येऊन कातडी सोलवटली होती, त्यांना ते औषध पुन्हा कधीच द्यायचं नसतं.

शेरा खोडला तरी तो परत उगवतो, असंही परदेशी रुग्णालयांत दिसलं आहे: तपासणीचा निकाल एका संगणकात, जुनी नोंद दुसऱ्यात. आपल्याकडे फाइल पेशंटच्याच पिशवीत असते. म्हणून निकालाचा कागद कळव्याच्या रुग्णालयातून मिळो की बेलापूरच्या क्लिनिकमधून, त्याची एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे आणि जुन्या केस पेपरवर, लाल शेऱ्याच्या अगदी शेजारी, तारखेसह लागली पाहिजे. आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाखाली सगळ्या नोंदी एकत्र होऊ लागल्यात, तेव्हा चुकीचा शेरा त्यात चढण्याआधीच हे झालेलं बरं.