‘मौला जट्ट’ आणि गंडासापटांची सुरुवात

अभिनेते फवाद खान यांचा ‘द लेजंड ऑफ मौला जट्ट’ हा पाकिस्तानी चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाल्यापासून एक जुना समज पुन्हा फिरू लागला आहे: १९७९ च्या ‘मौला जट्ट’पासूनच पाकिस्तानी पंजाबी पडद्यावर गंडासा, म्हणजे पंजाबच्या खेड्यात चारा तोडायला वापरले जाणारे लांब दांड्याचे हत्यार, आला आणि घराण्यांच्या सूडकथांची लाट सुरू झाली. हे खरे नाही.

चार वर्षे आधी, १९७५ मध्ये, हसन असकरी यांचा ‘वहशी जट्ट’ येऊन गेला होता. ‘मौला जट्ट’प्रमाणे त्यातही सुलतान राही यांनीच नायक मौलाची भूमिका केली होती, आणि लेखकही तेच, नासिर अदीब. त्याचे मूळ त्याहून मागे, अहमद नदीम कासमी यांच्या ‘गंडासा’ या उर्दू कथेत आहे. हे हत्यार कथेतला मौला बापाच्या खुनाचा सूड घ्यायला उचलतो खरा, पण शेवटी शत्रुपक्षातल्या माणसाने थप्पड मारूनही त्याच्यावर हात न उचलता तो आईसमोर रडतो. पडद्यावरच्या अजिंक्य मौलापेक्षा हा माणूस मला कितीतरी मोठा वाटतो, आणि या समजापायी तोच विसरला जातो.

युनूस मलिक दिग्दर्शित ‘मौला जट्ट’चे श्रेय वेगळे आहे. मुस्तफा कुरेशी यांनी संथ, थंड आवाजात साकारलेल्या नूरी नत्त या खलनायकामुळे नायकाला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळाला, आणि आधीच रुळलेला प्रकार अफाट लोकप्रिय झाला.