मॉरिशसचे दोन हिरवे पोपट: आपला राघू आणि तिथला एको

मॉरिशस फिरून आलेल्या बहुतेकांनी तिथे पोपट पाहिलेला असतो. तो बहुधा आपलाच राघू. १८८६च्या सुमारास तो बेटावर पोचला आणि गावं, बागा, शेतं सगळीकडे पसरला. बेटाचा खरा पोपट वेगळा. त्याचं नाव एको पॅराकीट. मॉरिशसबाहेर रानात तो कुठेच नाही, आणि तिथेही मुख्यतः नैऋत्येकडच्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या डोंगराळ जंगलातच राहतो.

नरांवरून ओळखायला गेलात तर फसाल. दोघांचीही वरची चोच लाल, दोघांच्याही गळ्याला काळा-गुलाबी कंठ. मादी पाहावी. राघूची मादी लाल चोचीची, तर एकोची प्रौढ मादी काळ्या चोचीची. माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण. शिवाय एको जास्त गडद हिरवा, अंगाने भरलेला, शेपटी आखूड, आवाज खालच्या पट्टीतला.

खरा फरक मात्र जगण्यात आहे. राघू शेतातलं पीक खातो, माणसांच्या वस्तीत रमतो. एकोला देशी झाडांची पानं, कळ्या, फळं लागतात आणि घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोली. जंगल तुटत गेलं, उरलेल्यात चिनी पेरू माजला. उंदीर आणि माकडं अंडी-पिल्लं खातात, माश्यांच्या अळ्या पिल्लांचं रक्त शोषतात, आणि उरल्यासुरल्या ढोलींवर राघू नि मैना हक्क सांगतात. १९८०च्या दशकात जगात जेमतेम दहा-बारा एको उरले होते.

जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि तिथल्या वन्यजीव वाचवणाऱ्या मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेच्या लोकांनी ते वाचवले, आणि या चिकाटीचं मला मनापासून कौतुक वाटतं. एकोची जोडी अंडी दोन-चार घालते, पण रानात पिल्लू सहसा एकच जगतं. उपाशी मरणारी जास्तीची पिल्लं उचलून हातानं वाढवली आणि पुन्हा जंगलात सोडली. घरट्यांसाठी लाकडी पेट्या टांगल्या, खाद्य ठेवलं. २००५च्या आसपास चोच आणि पिसांचा विषाणूजन्य रोग पसरला. तो राघूंनाही होतो, त्यामुळे त्यांची शेजारी गर्दी ही इथे दुहेरी डोकेदुखी. तरीही २०१९पर्यंत एकोंची संख्या साडेसातशेच्या घरात गेली.

पेरू उपटून देशी झाडं लावण्याचं काम चालू आहे. पण नव्या झाडाला ढोल पडायला कित्येक दशकं लागतात. तोवर बरीच पिल्लं पेट्यांतच वाढणार.