‘डॅम्प’: आधी विषारी हवा, मग ओल

इंग्रजीत ‘डॅम्प’ म्हणजे ओलसर, दमट. पण पाण्याशी या शब्दाची सोयरीक बरीच उशिराची. मध्ययुगाच्या अखेरीस तो इंग्रजीत दिसतो तो नाम म्हणून, आणि त्याचा अर्थ घातक वाफ, गुदमरवणारी हवा. मूळ जर्मानिक भाषांतलं. डच भाषेत आजही ‘डॅम्प’ म्हणजे वाफ आणि जर्मनमधलं ‘डाम्प्फ’ही तेच. विषारी वाफेवरून धुकं, धुक्यावरून हवेतला ओलावा असा अर्थ सरकत गेला. ‘किंचित ओला’ हे आजचं विशेषण रुळलं ते अठराव्या शतकात.

कोळसा खाणींत मात्र जुना अर्थ मुक्काम ठोकून राहिला. इंग्लंडमधले खाणकामगार खाणीतल्या प्रत्येक घातक वायूला ‘डॅम्प’च म्हणत. पेट घेणारा तो फायरडॅम्प, म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेत तो साधारण ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीचाच अवकाश. दिवा विझवणारा ब्लॅकडॅम्प, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन. व्हाइटडॅम्प हा कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग ना वास. सडक्या अंड्यासारखा घाण मारणारा स्टिंकडॅम्प. आणि स्फोटानंतर उरणारा आफ्टरडॅम्प, जो आगीतून वाचलेल्यांनाही सोडत नसे. यांतल्या एकाही नावाचा ओलीशी संबंध नाही.

२५ मे १८१२ रोजी ईशान्य इंग्लंडमधल्या फेलिंग खाणीत फायरडॅम्पचा स्फोट होऊन ९२ माणसं आणि मुलं दगावली. त्यानंतर सुरक्षित दिव्याच्या शोधाला जोर आला. १८१५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही. शिवाय वायू असला की ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. जाणता कामगार तिच्या उंचीवरून वायू किती आहे ते ताडायचा. अभियंता जॉर्ज स्टीफन्सननेही त्याच सुमारास आपला दिवा केला होता, आणि श्रेय कुणाचं यावरून मोठी जुंपली. दोघांच्याही दिव्यांनी अपघात मात्र थांबले नाहीत. दिवा आहे म्हटल्यावर मालकांनी पूर्वी सोडून दिलेल्या धोक्याच्या जागीही माणसं उतरवली!

गुदमरवण्याचा हाच अर्थ क्रियापदातही टिकला. आग दाबणं, उत्साहावर पाणी टाकणं, पियानोच्या तारांचा नाद थांबवणारा डॅम्पर, सगळी एकाच घरातली. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत आपण ज्याला अवमंदन म्हणतो, ते ‘डॅम्पिंग’ही इथूनच आलं. आंदोलनाचा दम हळूहळू कोंडला जातो तिथे, पाण्याचा काही संबंध नाही.

आपल्याकडे बांधकामावर मिस्त्री जोत्यावर जी ‘डीपीसी’ (डॅम्प प्रूफ कोर्स) घालतात, तिच्यातला ‘डी’ मात्र नव्या अर्थाचा डॅम्प. जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून घातलेला तो थर.